सराफ–बेर्डे

सराफ–बेर्डे : मराठी चित्रपटातील विख्यात विनोदी नटजोडी. अशोक सराफ (४ जून १९४७ –      ) व लक्ष्मीकांत बेर्डे (२६ ऑक्टोबर १९५४ – १६ डिसेंबर २००४) ह्या दोन मुंबईकर नटांनी १९८५ पासून सुमारे दहा वर्षे अनेक चित्रपटांतून एकत्र भूमिका केल्या. ह्या दशकातील मराठी चित्रपट मुख्यत्वे त्यांच्या विनोदावर उभा होता. हॉलिवुडमधील लॉरेल व हार्डी ह्यांच्याप्रमाणे ही जोडी कोणा एका निर्मात्याने करारबद्ध करून घडविलेली नव्हती. दोघेही स्वतंत्रपणे काम करीत आणि त्यांच्यासमवेत बहुधा सचिन पिळगांवकर किंवा महेश कोठारे हा नायक असे. तथापि प्रेक्षकांच्या मनात ह्या दोघांची नावे जोडीनेच रुजली.

पूर्वपीठिका : परस्परविरोधी स्वभावाच्या दोन पात्रांमधून हास्य निर्माण करण्याची पद्धती भारतीय रंगभूमीला नवी नाही. संस्कृत नाटकातील नायक व विदूषक, तसेच तमाशाच्या वगातील राजा व सोंगाड्या ही त्याची जुनी उदाहरणे होत. पडणे, आपटणे, मार खाणे, वस्तूंची फेकाफेक ह्यांवर आधारलेल्या आंगिक विनोदाला मात्र मूकपटाने विशेष बळ दिले. लॉरेल (१८९०–१९६५) व हार्डी (१८९२–१९५७) ह्यांची जोडी १९२७ च्या सुमारास हॅल रोच ह्यांच्या चित्रसंस्थेत जमली आणि बोलपटाच्या काळातही तितकीच लोकप्रिय राहिली. महाराष्ट्रात ती ‘जाड्या-रड्या’ ह्या नावाने घरोघरी परिचित झाली. तिच्याच धर्तीवर मुंबईच्या रणजित चित्रसंस्थेच्या हिंदी बोलपटांत स्थूल देहयष्टीचे दीक्षित व सडपातळ घोरी ही जोडी १९३०–४० च्या दशकात गाजली. मराठीत चिं. वि. जोशी ह्यांच्या मानसपुत्रांना दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग ह्यांनी मास्टर विनायक दिग्दर्शित लग्न पाहावे करून (१९४०) मध्ये पडद्यावर आणले. पुढे लाखाची गोष्ट (१९५२) ह्या चित्रपटात राजा परांजपे व राजा गोसावी ह्यांची जोडी लोकप्रिय ठरली. १९७१ च्या सोंगाड्यापासून दादा कोंडके ह्यांनी तमाशातील सोंगाड्याचा हजरजबाबी, द्व्यर्थी विनोद चित्रपटात रुजविला. सराफ व बेर्डे हे ह्या परंपरेचे वारस होत. मात्र त्यांची पात्रे प्रामुख्याने शहरात भाड्याची खोली, नोकरी व लग्न ह्यांसाठी धडपडणाऱ्या तरुणांची होती.

अशोक सराफ : त्यांचे बालपण दक्षिण मुंबईतील चिखलवाडीत गेले. नाट्यनिर्माते गोपीनाथ सावकार हे त्यांचे मामा. वि. वा. शिरवाडकर ह्यांच्या ययाति आणि देवयानी ह्या नाटकातील विदूषकाच्या भूमिकेने त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर प्रवेश केला. उपजीविकेसाठी त्यांनी स्टेट बँकेत नोकरी धरली व अनेक वर्षे नोकरी सांभाळून नाटके केली. दादा कोंडके ह्यांच्या पांडू हवालदार (१९७५) मधील हवालदाराच्या भूमिकेमुळे ते चित्रपटरसिकांच्या नजरेत भरले व राम राम गंगाराम (१९७७) मुळे त्यांचे स्थान पक्के झाले. विजया मेहता दिग्दर्शित हमीदाबाईची कोठी ह्या नाटकातील त्यांचे काम गंभीर अभिनयाचा प्रत्यय देणारे होते. बेर्डे ह्यांच्याशी जोडी जमण्यापूर्वीच सराफ हे रंगभूमी व चित्रपट ह्या दोन्ही क्षेत्रांत मुरलेले नट होते, ही गोष्ट त्यांच्या जोडीचे स्वरूप समजून घेताना महत्त्वाची ठरते.

लक्ष्मीकांत बेर्डे : बेर्डे हे गिरगावच्या चाळसंस्कृतीत वाढले. गणेशोत्सवातील नाटुकली ही त्यांची पहिली शाळा होय. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करीत असताना त्यांनी नाटकांतून किरकोळ कामे केली. पुरुषोत्तम बेर्डे लिखित-दिग्दर्शित टुरटुर (१९८३) ह्या नाटकाने त्यांना एकाएकी प्रसिद्धी मिळाली. लेक चालली सासरला (१९८४) हा त्यांचा सुरुवातीचा चित्रपट. अंगातील विलक्षण चपळाई, पटकन बदलणारी मुद्रा आणि एका दमात वाक्ये फेकण्याची हातोटी हे त्यांचे भांडवल होते. पडद्यावरील त्यांच्या पात्राचे ‘लक्ष्या’ हे नाव पुढे त्यांनाच कायमचे चिकटले.

प्रमुख चित्रपट : महेश कोठारे ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटात, धुमधडाका (१९८५) मध्ये, हे दोघे प्रथम ठळकपणे एकत्र आले. कादलिक्क नेरमिल्लै (१९६४) ह्या तमिळ चित्रपटाचे कथानक प्यार किये जा (१९६६) ह्या हिंदी रूपांतरानंतर येथे मराठीत आले. सराफ ह्यांनी त्यात खोटा श्रीमंत बाप उभा केला. तोंडात पाइप धरून ऐट मिरविताना लागणारा ठसका आणि त्यातून निघणारे निरर्थक शब्द, ह्या एकाच लकबीवर त्यांनी सोंगातील पोकळपणा उघडा केला. बेर्डे ह्यांनी चित्रपट काढण्याच्या वेडाने झपाटलेला मुलगा रंगविला. वडिलांना, म्हणजे शरद तळवलकर ह्यांना, तो आपल्या नियोजित चित्रपटाची कथा सांगतो त्या प्रसंगात बेर्डे ह्यांच्या आंगिक विनोदाचे सामर्थ्य दिसून येते. ह्या चित्रपटाच्या यशानंतर मराठी निर्माते विनोदी चित्रपटांकडे मोठ्या संख्येने वळले.

जोडीच्या कलेचा उत्कर्ष अशी ही बनवाबनवी (१९८८) मध्ये झाला. सचिन ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटाचे लेखन वसंत सबनीस ह्यांचे असून कथाकल्पना हृषीकेश मुखर्जी ह्यांच्या बीवी और मकान (१९६६) ह्या चित्रपटाशी संबंधित आहे. पुण्यात राहावयास जागा नसलेले चार तरुण, केवळ विवाहित जोडप्यांनाच खोल्या देणारी घरमालकीण आणि तिच्यासाठी दोघांनी घेतलेला स्त्रीवेष, असे त्याचे कथासूत्र आहे. सराफ ह्यांचा धनंजय माने हा ह्या बनवाबनवीचा सूत्रधार, तर बेर्डे ह्यांचा परशुराम हा त्याची पत्नी ‘पार्वती’ म्हणून वावरणारा मित्र. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांसारख्या नटांनी स्त्रीभूमिकेला लावण्याची उंची दिली होती. सचिन ह्यांची ‘सुधा’ त्या परंपरेचे स्मरण करून देते. ‘पार्वती’ मात्र लुगड्यात सतत अडखळणारी, आतला पुरुष क्षणोक्षणी बाहेर डोकावणारी अशी आहे. ‘पार्वती’चे डोहाळजेवण हा ह्या विसंगतीचा कळस होय. त्यापुढील बाळाचे बाप ब्रह्मचारी (१९८९), फेकाफेकी (१९८९), भुताचा भाऊ (१९८९), चंगू मंगू (१९९०) इ. चित्रपटांतून जोडीची लोकप्रियता टिकून राहिली, तरी एवढा बांधेसूदपणा फारसा आढळत नाही.

अभिनयशैली : लॉरेल–हार्डी किंवा दीक्षित–घोरी ह्यांच्या जोडीत विरोध प्रथमदर्शनी शरीरात दिसतो. सराफ–बेर्डे ह्यांच्यात तो गतीत आहे. सराफ संकट आले असता क्षणभर थांबतात. डोळ्यांतील हालचालीतून प्रेक्षकाला त्यांच्या मनात शिजत असलेली युक्ती कळते आणि मग वाक्य येते. बेर्डे ह्यांचे पात्र थांबत नाही. ते आधी बोलते, मग घाबरते आणि शेवटी विचार करते. एकाने रचावे व दुसऱ्याने नकळत उधळावे, आणि पहिल्याने तो मोडका डाव पुन्हा सावरावा, असे हे चक्र असते. बेर्डे ह्यांची धांदल विनोदी वाटते ती सराफ ह्यांच्या संयमाच्या पार्श्वभूमीवर आणि सराफ ह्यांचा संयम रंगतो तो त्या धांदलीमुळे. दोघांच्या वयांत सात वर्षांचे अंतर होते. चित्रपटसृष्टीने व प्रेक्षकांनी सराफ ह्यांना ‘अशोकमामा’ केले, तर बेर्डे सर्वांचे एकेरीतील ‘लक्ष्या’ राहिले. वडीलधारा पण लबाड नातलग आणि लाडका पण वेंधळा धाकटा, हे कौटुंबिक नाते लोकांनी ह्या जोडीत आपणहून पाहिले होते.

सामाजिक संदर्भ : ह्या विनोदाच्या मुळाशी असलेले प्रश्न खरे होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील हजारो कामगार कुटुंबांचे जीवन अस्थिर झाले होते. शहरात भाड्याची जागा मिळणे दुरापास्त होते आणि शिकलेले तरुण नोकरीच्या शोधात फिरत होते. पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावांतून नोकरीसाठी मुंबई गाठणाऱ्या तरुणाला तर ही धडपड स्वतःच्या घरातलीच होती. म्हणून धनंजय माने ह्याचे खोटे बोलणे प्रेक्षकाला गुन्हा वाटत नाही, ती निकड वाटते. ह्या चित्रपटांत लबाडी अखेरीस उघडकीस येते, परंतु लबाडी करणाऱ्यांना क्षमा मिळते. प्रश्न सुटत नाही, माणसे मात्र सुटतात. ह्या दिलाशातच त्यांच्या लोकप्रियतेचे एक कारण सापडते.

मर्यादा : यशाचे साचे लवकरच तयार झाले. वेषांतर, ओळखीचा घोटाळा व पाठलाग ह्यांची पुनरावृत्ती होऊ लागली. संहिता दुबळी असली तरी नट ती तारून नेतील, असा निर्मात्यांचा भरवसा वाढला. ह्याची झळ विशेषतः बेर्डे ह्यांना बसली. एक होता विदूषक (१९९२) ह्या जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपटात त्यांना वेगळी संधी मिळाली. पु. ल. देशपांडे ह्यांची पटकथा असलेल्या ह्या चित्रपटात, तमाशातील कलावतीच्या पोटी जन्मलेला सोंगाड्या चित्रपटातील तारा बनतो आणि राजकारणाच्या वाटेला लागतो. सर्वांना हसविणाऱ्या ह्या कलावंताला स्वतःच्या लहान मुलीच्या चेहऱ्यावर हसू आणता येत नाही. चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि बेर्डे ह्यांच्या अभिनयाचे जाणकारांनी कौतुक केले. तिकीटबारीवर मात्र त्याला यश आले नाही. ‘लक्ष्या’ला पाहावयास येणारा प्रेक्षक बेर्डे ह्यांना स्वीकारण्यास तयार नव्हता. ते पुन्हा विनोदी भूमिकांकडे वळले आणि तशा तोडीची गंभीर भूमिका त्यांच्या वाट्याला परत आली नाही.

उत्तरकाळ : मैने प्यार किया (१९८९) व हम आपके हैं कौन (१९९४) ह्यांमुळे बेर्डे हिंदी प्रेक्षकांनाही परिचित झाले, पण तेथे त्यांना बहुधा घरातील नोकराच्याच भूमिका मिळाल्या. मूत्रपिंडाच्या विकाराने मुंबई येथे, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सराफ ह्यांना साच्याबाहेर पडण्याची संधी अधिक मिळाली. चौकट राजा (१९९१) व वजीर (१९९४) ह्यांतील भूमिकांनी त्यांच्या अभिनयाचा आवाका सिद्ध केला. हम पांच ह्या हिंदी दूरचित्रवाणी मालिकेने त्यांना देशभर ओळख दिली आणि नवरा माझा नवसाचा (२००४) मधील एसटी कंडक्टरची त्यांची भूमिका लोकप्रिय ठरली. २०२३ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार व २०२५ मध्ये पद्मश्री हे सन्मान त्यांना लाभले.

मूल्यमापन : मराठी चित्रपटाचा प्रेक्षक हिंदी चित्रपट, दूरचित्रवाणी व व्हिडिओ ह्यांच्याकडे ओढला जात असताना त्याला चित्रपटगृहात टिकवून धरण्याचे श्रेय ह्या जोडीकडे मोठ्या प्रमाणावर जाते. तिने मराठी चित्रपटाला एकाच रसात अडकविले, हा आक्षेपही खरा आहे. परंतु तो दोष नटांपेक्षा त्यांच्या यशावर विसंबून राहिलेल्या व्यवसायाचा अधिक होय. विनोदी नटाला गंभीरपणे पाहण्याची सवय नसलेल्या प्रेक्षकाचाही त्यात वाटा आहे. अशी ही बनवाबनवी त्याच्या प्रदर्शनकाळी जन्मही न झालेल्या पिढीला दूरचित्रवाणीमुळे तोंडपाठ झाली. धनंजय माने कोठे राहतात, हा त्यातील साधा प्रश्न मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात थट्टेने विचारला जातो. मराठी विनोदी अभिनयाच्या इतिहासात ह्या जोडीचे स्थान त्यावरून स्पष्ट होते.