यकृताची साक्ष

आमच्या राजगुरुनगराच्या वरच्या अंगाला भीमेवर चासकमानचे धरण आहे. भिंतीपाशी पाणी अडले म्हणजे त्याचा फुगवटा मागे दूरवर पसरतो. मनुष्यदेहातही तसेच घडते. हृदयाची रक्त पुढे लोटण्याची शक्ती क्षीण झाली म्हणजे रक्त शिरांतून मागे तुंबते आणि त्याचा भार यकृतावर पडतो. ही गोष्ट उमगावयास मनुष्यजातीला किती काळ लागला, हे आज सांगावयाचे आहे.

प्राचीनांनी यकृताला मोठा मान दिला होता. चरकसंहितेत रक्त वाहणाऱ्या स्रोतसांचे मूळ यकृत व प्लीहा सांगितले आहे. यकृतात अन्नापासून रक्त बनते, असे रोमन साम्राज्यातील वैद्य गॅलेन याचेही मत होते. युरोपात ते चौदाशे वर्षे टिकले. १६२८ साली विल्यम हार्वे याने, हृदय रक्त पुढे लोटते व तेच रक्त फिरून परत येते, असे सिद्ध केले. यकृत सिंहासनावरून उतरले. परंतु साक्षीदार म्हणून त्याची योग्यता पुढे कळून आली.

हृद्रोगाने मृत झालेल्यांचे यकृत कापून पाहता त्यावर गडद व फिकट अशी नक्षी दिसे, जणू चिरलेले जायफळच. १८८५ साली लंडनचे डॉक्टर विल्यम पाश्चर यांनी, हृदयाच्या झडपेच्या विकारात यकृतावर दाब दिला असता मानेतील शिरा फुगतात, हे चिन्ह नोंदविले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, हृदयाला थकविणाऱ्या रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग कसा होतो, हे 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात मांडले. दोनच वर्षांनी, १९५१ साली, त्याच नियतकालिकात शीला शेरलॉक यांनी दुर्बल हृदयाच्या रोग्यांतील यकृताची स्थिती सविस्तर वर्णिली.

पुढे ही साक्ष आकड्यांत मांडली गेली. २००१ साली यकृताच्या रोग्यांसाठी 'मेल्ड' नावाचा गुणांक प्रसिद्ध झाला. रक्तातील पित्तरंजक, मूत्रपिंडाचे कार्य दाखविणारे क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याची गती यांवरून तो काढतात. हृदयाचे पुष्कळ रोगी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेतात व त्यामुळे तिसरा आकडा फसवा ठरतो; म्हणून तो वगळूनही हा गुणांक काढण्याची रीत निघाली. गुणांक जितका चढा, तितकी हृदयाच्या रोग्याची पुढील वाट बिकट, असे अनुभवास आले आहे.

या इतिहासाचे आपल्या घराशी काय नाते? वृद्ध माणसाचे डोळे पिवळे झाले की आपण कावीळ म्हणून झाडपाल्याच्या औषधामागे धावतो. त्याच वेळी पाय सुजलेले असतात, जिना चढताना दम लागतो, रात्री उशाला दोन उश्या लागतात. तिकडे मात्र म्हातारपण म्हणून दुर्लक्ष होते. अशा वेळी हृदयाची परीक्षा आधी करवावी. वेळीच हृदयाचा भार हलका झाला, तर तुंबलेले यकृतही पुष्कळदा सावरते. साक्षीदाराचे तोंड बंद करून खटला निकालात निघत नाही. तो काय सांगतो, ते ऐकले पाहिजे.