पवनहंस लिमिटेड

भारत सरकारची हेलिकॉप्टर सेवा देणारी कंपनी. मुख्यालय दिल्लीलगत नोएडा येथे. स्थापना १५ ऑक्टोबर १९८५. केंद्र सरकारचा वाटा ५१ टक्के, ओएनजीसीचा ४९ टक्के.

तेल उत्खननाची गरज हे कंपनीच्या जन्माचे मुख्य कारण. मुंबईच्या जुहू विमानतळावरून तिची डॉफिन हेलिकॉप्टरे अरबी समुद्रातील ‘मुंबई हाय’ क्षेत्रात तेलफलाटांवरच्या कामगारांची ने-आण करू लागली. पावसाळी ढग, खवळलेला समुद्र आणि उतरायला जेमतेम जागा, अशा परिस्थितीत हे काम करणाऱ्या वैमानिकांचे कौशल्य खरोखर आदरास पात्र आहे.

सुरुवातीचा काळ खडतर होता. ब्रिटिश अनुदानातून घेतलेल्या २१ वेस्टलँड-३० हेलिकॉप्टरांची उड्डाणे दोन प्राणघातक अपघातांनंतर १९९१ मध्ये कायमची थांबवावी लागली.

अंदमान, लक्षद्वीप आणि ईशान्येकडील राज्ये यांसारख्या दुर्गम भागांत कंपनीने प्रवासी व रुग्णांची वाहतूक केली. केदारनाथच्या यात्रेकरूंनाही सेवा दिली. दिल्लीतील रोहिणी येथे तिने उभारलेल्या हेलिपोर्टचे उद्घाटन फेब्रुवारी २०१७ मध्ये झाले. हेलिकॉप्टरांची ये-जा, देखभाल-दुरुस्ती आणि प्रवासी सुविधा तेथे एकाच आवारात आहेत.

सरकारी हिस्सा विकण्याचे प्रयत्न अनेकदा झाले. २०२२ मध्ये स्टार-९ मोबिलिटी या समूहाची बोली मंजूर झाली, परंतु पुढच्या वर्षी तो व्यवहार रद्द करण्यात आला.