टेन्शन नाही, तरी हायपरटेन्शन कसं?

"डॉक्टर, मला कसलंच टेन्शन नाही. मुलं मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं. मग बीपी कसा वाढेल?" गारखेड्यातल्या दवाखान्यात हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर लिहायलाच हवं. कारण पुढची पायरी ठरलेली असते: टेन्शन संपलं, मग गोळीही बंद! काही वर्षांनी पेशंट परत येतो तो अर्धांगवायू होऊन किंवा किडनी खराब होऊन.

घोळ शब्दाचा आहे. टेन्शन हा शब्द लॅटिनमधल्या 'तेन्देरे' म्हणजे ताणणे या क्रियापदावरून आला. आपला ताण, तणाव, तंतू हे संस्कृत 'तन्' धातूतले शब्द त्याचेच दूरचे भाऊबंद. पैठणीच्या मागावर जे उभे धागे ताणून बसवतात त्यांना ताणा म्हणतात, तोही याच घरातला. म्हणजे मुळात या शब्दाचा मनाशी काही संबंध नव्हता. विजेच्या दाबालाही टेन्शन म्हणत, म्हणून तर 'हाय टेन्शन लाइन'. डोळ्यातल्या दाबालाही जुने डॉक्टर डोळ्याचं टेन्शन म्हणायचे. फ्रान्समध्ये आजही बीपीला सरळ टेन्शनच म्हणतात. इंग्रजीत हा शब्द मनाच्या ओढाताणीसाठीही वापरला जाऊ लागला आणि मराठीत आला तो जवळजवळ तेवढाच एक अर्थ घेऊन.

हायपरटेन्शनमधलं टेन्शन मात्र रक्तवाहिनीचं आहे. बीपीचं यंत्र नव्हतं तेव्हा डॉक्टर मनगटावरची नाडी बोटांनी दाबून बघत. हलक्या दाबाने नाडी लागेनाशी झाली तर टेन्शन कमी, जोर लावावा लागला तर जास्त. रक्ताचा दाब प्रत्यक्ष मोजून दाखवला इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या पाद्र्याने. त्याने घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडली, तर रक्त आठ फुटांहून वर चढलं! हे प्रयोग १७३३ मध्ये छापले गेले. माणसावर असा उद्योग करणं अर्थातच शक्य नव्हतं.

पुढचं नाव आपल्याकडे फारसं माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. फ्रेडरिक अकबर महोमेद. त्याचे आजोबा पाटण्याहून इंग्लंडला गेलेले. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये काम करताना, १८७० च्या दशकात, नाडीचा आलेख काढणारं यंत्र सुधारून त्याने दाखवलं की किडनी धड असलेल्या, वरवर ठणठणीत दिसणाऱ्या माणसांतही नाडीचं टेन्शन वाढलेलं असू शकतं. बीपीला लक्षणं नसतात हे आम्ही रोज सांगतो, त्याचं मूळ इथे आहे. १८८४ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो टायफॉइडने गेला. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायची इटलीच्या रिवा-रोची यांची पद्धत १८९६ ची, आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा ठरवायची रशियाच्या कोरोत्कोफ यांची पद्धत १९०५ ची. आकडा आला, नाव मात्र जुनंच राहिलं.

दोन्ही टेन्शनांची गाठ पडली ती एका औषधात. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे झोपेसाठी आणि वेडावर पूर्वापार देत असत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती बीपीच्या रुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी याच वनस्पतीच्या मनोविकारांतल्या वापराबद्दल नेथन क्लाइन यांनाही मिळालं. एकच मुळी मन शांत करते आणि दाबही उतरवते म्हटल्यावर दोन्ही एकच आहेत असं कुणाला वाटलं तर नवल नाही. पण हे औषध मेंदू आणि रक्तवाहिन्या या दोन्ही ठिकाणी काम करतं, एवढाच त्याचा अर्थ. पुढे त्याने काहींना नैराश्य येतं असं दिसलं आणि चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. तेव्हा कुणी सांगितलं म्हणून सर्पगंधा आणून घेऊ नका.

मग काळजीचा बीपीशी संबंधच नाही का? आहे. राग, भीती, धावपळ यांनी दाब चढतो, पण बहुधा थोड्या वेळाने उतरतो. कायम वाढलेल्या बीपीमागे आनुवंशिकता, वय, वजन, दारू, किडनीचे आजार आणि आपलं लोणचं-पापडातलं मीठ असतं. यांतलं काहीही चिंतामुक्त माणसाला सोडत नाही. म्हणून मन शांत झालं तरी गोळी आपल्या मनाने थांबवू नका. आकडा खाली आलाय तो बहुतेक वेळा गोळीमुळेच.

दवाखान्यात डॉक्टरांना बघूनच काहींचा बीपी चढतो, हेही खरं. शंका असेल तर घरी मोजा: जिना चढून आल्या आल्या नको, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, दंड हृदयाच्या पातळीला ठेवा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहा आणि ती वही घेऊन या.