ऑटिस्टिक व्यक्तींसाठी मानसोपचार: कोणाकडे जावे, काय विचारावे?

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता. हा मानसिक आजार नाही. मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने झाल्यामुळे असलेली ही आयुष्यभराची अवस्था आहे, त्यामुळे ती औषधाने किंवा समुपदेशनाने 'बरी' होत नाही. मात्र चिंता, नैराश्य, ओसीडी आणि झोपेच्या तक्रारी ऑटिस्टिक लोकांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात, आणि हे त्रास योग्य उपचारांनी कमी होतात. मुलाचे बोलणे, लिहिणे, एका जागी बसणे यांसाठी वर्षानुवर्षे थेरपी घेणाऱ्या घरांतही त्याच्या मनाचा विचार बरेचदा मागे पडतो. ज्यांचे निदान मोठेपणी होते, त्यांना तर कोणाकडे जावे हेच कळत नाही.

'थेरपिस्ट' म्हणजे नेमके कोण?

आपल्याकडे हा एकच शब्द अनेक व्यावसायिकांसाठी वापरला जातो. प्रत्येकाचे शिक्षण आणि काम वेगळे असते.

- मानसोपचारतज्ज्ञ (सायकिअ‍ॅट्रिस्ट): एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते निदान करतात आणि औषधे लिहून देतात.
- क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: मानसशास्त्रीय चाचण्या, निदान आणि बोलण्यातून होणारे उपचार हे त्यांचे काम. ते औषधे देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते.
- समुपदेशक (कौन्सेलर): रोजचे ताण, नातेसंबंध, शिक्षण-नोकरीतल्या अडचणी यांवर बोलून मदत करतात. या क्षेत्रात काही महिन्यांच्या अभ्यासक्रमापासून पदव्युत्तर पदवीपर्यंत सर्व प्रकारचे लोक आढळतात. म्हणून शिक्षण विचारून घेणे गरजेचे.
- ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक: संवेदनांचा त्रास, दैनंदिन कामे, संवाद आणि शिक्षण यांवर काम करतात. नैराश्यावरचे उपचार हे त्यांचे क्षेत्र नाही. पण मुलाला रोज भेटत असल्यामुळे त्याच्यातला बदल अनेकदा त्यांनाच आधी जाणवतो.

मनावर ताण का येतो?

याची कारणे बरीचशी रोजच्या जगण्यात असतात. गर्दीची लोकल, ढोल-ताशांचा आवाज, ट्यूबलाइटची फडफड, कपड्याचे टोचणारे लेबल या गोष्टी इतरांना किरकोळ वाटतात. ऑटिस्टिक व्यक्तीला त्या अक्षरशः सहन होत नाहीत. अचानक बदललेले वेळापत्रक, शाळेतली चिडवाचिडवी, नातेवाइकांचे टोमणे यांची त्यात भर पडते.

दुसरे मोठे कारण म्हणजे 'मास्किंग'. इतरांसारखे दिसण्यासाठी नजर मिळवण्याचा सराव करणे, हातांची हालचाल दाबून ठेवणे, संभाषण आधी पाठ करून जाणे, हे सगळे त्यात येते. अनेक मुली आणि स्त्रिया हे इतके चांगले साधतात की त्यांचे निदान उशिरा होते. मात्र दिवसभर असा मुखवटा सांभाळून माणूस पूर्ण थकून जातो.

गैरसमज हे तिसरे कारण. ब्रिटनमधील ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की संवादातली अडचण दोन्ही बाजूंची असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळणे जितके अवघड, तितकेच इतरांना त्याचे मन कळणे अवघड असते. थेरपिस्टही याला अपवाद नाही.

'हे तर ऑटिझममुळेच' असे म्हणण्यातला धोका

एखादा तरुण आवडीच्या गोष्टींकडे वळेनासा झाला, कमी जेवू लागला, खोलीतून बाहेर येईनासा झाला, तर घरचे आणि कधी कधी डॉक्टरही सगळे ऑटिझमच्या खात्यावर टाकतात. अशाने नैराश्य तसेच राहून जाते. पूर्वीपेक्षा काय बदलले, हा प्रश्न इथे सर्वांत महत्त्वाचा आहे.

न बोलणाऱ्या मुलाने अचानक डोके आपटायला, स्वतःला चावायला सुरुवात केली, तर आधी शारीरिक कारण शोधावे. दाढ, कान, पोट, बद्धकोष्ठता, फिट्स हे सगळे तपासून मगच वर्तनाकडे वळावे.

ऑटिस्टिक लोकांमध्ये आत्महत्येचा धोकाही सरासरीपेक्षा जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यांचा चेहरा आणि आवाज आतली वेदना दाखवतीलच असे नाही. म्हणून 'जीव द्यावासा वाटतो का?' हे शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे.

उपचारांत काय बदलावे लागते?

सीबीटी, म्हणजे विचार, भावना आणि वर्तन यांचा परस्परसंबंध तपासणारी पद्धत, ऑटिस्टिक लोकांनाही उपयोगी पडते. पण ती नेहमीच्या साच्यात चालत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१२ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात साधी-सरळ भाषा, लेखी व चित्ररूप माहिती, ठरलेली रचना, मध्ये विश्रांती आणि व्यक्तीच्या आवडींचा वापर यांवर भर आहे. प्रत्यक्षात हे असे दिसते:

- प्रश्न नेमके असतात. 'कसं वाटतंय?' याचे उत्तर अनेकांना देता येत नाही, कारण स्वतःची भावना ओळखणे आणि तिला नाव देणे त्यांना अवघड जाते. त्याऐवजी 'छातीत धडधडतंय का? शून्य ते दहामध्ये किती?' असे विचारले जाते.
- भाषा सरळ असते. 'मन मोकळं करा' यातून नक्की काय करायचे ते कळत नाही. 'सोमवारी ऑफिसात काय झालं ते क्रमाने सांगा' हे कळते.
- सत्राची रूपरेषा आधी मिळते. किती वेळ, कोणते विषय, शेवटी काय, हे लिहून दिलेले असते. वेळ बदलणार असेल तर आधी कळवले जाते.
- नजर मिळवण्याची सक्ती नसते. येरझाऱ्या घालत, हातात काही फिरवत बोलले तरी चालते. टाइप करून किंवा चित्रे दाखवून उत्तर देता येते.
- खोलीचा विचार होतो. दिवा, पंख्याचा आवाज, अत्तराचा वास आधी विचारून कमी केला जातो.

सगळा बदल मनातच घडवायचा नसतो, हेही चांगल्या थेरपिस्टला ठाऊक असते. आवाज रोखणारे हेडफोन, कामाच्या लेखी सूचना, वेगळी बसण्याची जागा यांनीही चिंता बरीच उतरू शकते.

औषधांचे काय?

ऑटिझम घालवणारे औषध नाही. तीव्र चिडचिड आणि आक्रमकता यांसाठी रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्रॅझोल दिले जाते. नैराश्य, चिंता, फिट्स यांची औषधे वेगळी. ऑटिस्टिक व्यक्तीला दुष्परिणाम शब्दांत सांगता येतीलच असे नाही. म्हणून कमी मात्रेने सुरुवात करणे आणि झोप, भूक, वजन यांची घरी नोंद ठेवणे उपयोगी ठरते. औषध मनाने बंद करू नये.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

शिक्षण आणि नोंदणी क्रमांक, ऑटिस्टिक व्यक्तींसोबतचा अनुभव, उपचाराचे उद्दिष्ट, प्रगती कशी मोजणार, पालकांना काय सांगितले जाईल आणि काय गोपनीय राहील, हे प्रश्न विचारायला संकोच वाटू नये. आरसीआयकडील नोंदणी परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते.

'सहा महिन्यांत ऑटिझम घालवतो' अशी हमी, पालकांना आत बसू न देणे, मारणे, दाबून धरणे किंवा अन्न रोखणे यांतले काहीही दिसले तर तिथून बाहेर पडावे. स्टेम सेल उपचारांच्या जाहिरातींपासूनही दूर राहावे. ऑटिझमसाठी त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

मदत कुठे मिळते?

- टेलि-मानस, १४४१६: केंद्र सरकारची ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.
- सरकारी रुग्णालये: जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतात. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. लहान मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी.
- अपंगत्व प्रमाणपत्र: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे.
- निरामय विमा: राष्ट्रीय न्यासाच्या या योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्यात थेरपीचा काही खर्चही येतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे.

घरच्यांनीही मदत घ्यावी

'आमच्यानंतर याचे काय?' ही काळजी जवळपास प्रत्येक पालकाच्या मनात असते. भावंडांची कुचंबणा बहुतेकदा बोललीच जात नाही. पालकांचे गट आणि स्वतःसाठी समुपदेशन यांनी हा भार वाटला जातो. थेरपीचा उपयोग होतो आहे का, हे मूल किंवा तरुण 'इतरांसारखा' दिसू लागला यावरून ठरवू नये. त्याची झोप सुधारली का, भीती कमी झाली का, आणि नको असलेल्या गोष्टीला तो 'नको' म्हणू शकतो का, हे पाहावे.