मोडशी ते ‘कुत्र्याचं मरण’

पोट बिघडलं की माझी आजी अजूनही म्हणते, “मोडशी झाली असेल, लंघन कर.” अजीर्णासाठीचा हा घरगुती शब्द एकेकाळी जहाजांतून युरोपात पोचला होता, हे मला कालपरवापर्यंत माहीत नव्हतं.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला. इथल्या औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात कॉलऱ्याचं वर्णन आहे: उलट्या-जुलाब, खोल गेलेले डोळे, गार पडलेली कातडी, न भागणारी तहान. इथले लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आपण पोर्तुगीज तो शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं. कोशकार या शब्दाचं मूळ मराठी-कोकणीतल्या ‘मोडशी’त, म्हणजे ‘मोडणे’ या क्रियापदात शोधतात. माणूस मोडून पडतो, म्हणून मोडशी.

पुढे फ्रेंचांच्या कानावर हा शब्द पडला आणि त्याचं झालं ‘मोर द श्याँ’, म्हणजे कुत्र्याचं मरण. शरीराची अवस्था सांगणाऱ्या शब्दात आता किळस आणि भीती शिरली. मूळ शब्द न कळलेल्या वाचकाला वाटणार, हिंदुस्थानात माणसं अशीच मरतात.

१८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरला मोठी साथ उसळली. व्यापारी आणि सैन्याच्या वाटांनी पसरत ती १८३१ मध्ये इंग्लंडला पोचली. तिथे तिचं नाव पडलं ‘एशियाटिक कॉलरा’. रोगाला आता थेट पत्ताच चिकटला.

पण हा पत्ता चुकीची दिशा दाखवत होता. १८५४ मध्ये जॉन स्नोने लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं. १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांहून जास्त माणसं मेली. शेजारच्या आल्टोना शहराला त्याच एल्ब नदीचं, पण गाळलेलं पाणी मिळत होतं. ते बरंचसं वाचलं. हवामान एक, नदी एक. फरक होता पाणी गाळण्याचा.

एखाद्या जागेला ‘रोगट’ म्हटलं की तिथल्या माणसांना स्वच्छ पाणी देण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मागे पडतो. नवीन रोगांना देशांची, गावांची नावं देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं. पाचच वर्षांनी आपण सगळ्यांनी ‘चायनीज व्हायरस’ असं लिहिलेले मेसेज फॉरवर्ड होताना पाहिले.