अपराजित आणि अनिमंत्रित

फुटबॉल म्हटले की आपल्यापुढे पायाने टोलविलेला गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेतील फुटबॉल निराळा. तेथे लंबगोल चेंडू हाती घेऊन, अंगावर येणाऱ्यांना चुकवीत वा आडवे पाडीत, प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे न्यावयाचा असतो. त्या देशात महाविद्यालयीन सामन्यांनाही मोठी गर्दी लोटते. हंगाम सरल्यावर नववर्षाच्या सुमारास निवडक संघांना ‘बाऊल’ नावाच्या मानाच्या सामन्यांची निमंत्रणे येतात, आणि मानाबरोबर पैसाही येतो. पुढील हकीकत समजण्यास एवढे पुरे.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट धर्मगुरूंची संस्था. १९५१ साली तिच्या संघाने प्रशिक्षक जो कुहारिच यांच्या हाताखाली नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. संघाचा कणा ऑली मॅटसन. त्याने त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्डांची धाव घेतली व १२६ गुण मिळविले. दोन्हींत तो देशात पहिला आला. न्यूयॉर्कला फोर्डम विद्यापीठाविरुद्धचा सामना ३२-२६ असा निसटता जिंकला तो मुख्यतः त्याच्याच पायांवर. बचावफळीत बर्ल टोलर होता, आणि दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला जिनो मार्केटी. मॅटसन व टोलर हे दोघे कृष्णवर्णीय होते; बाकीचे गोरे.

पॅसिफिक महाविद्यालयाचा ४७-१४ असा फडशा पाडल्यावर निमंत्रण आता दाराशी आले, असे साऱ्यांस वाटले. शेवटचा सामना लॉयोलाशी, पॅसाडेनाच्या ‘रोझ बाऊल’ मैदानावर झाला. तो २०-२ असा जिंकला. निमंत्रण मात्र आले नाही. खेळाडूंनी पुढे सांगितलेली हकीकत अशी: ‘दोघा कृष्णवर्णीयांना मागे ठेवून याल, तर मायामीच्या ऑरेंज बाऊलमध्ये जागा आहे,’ असा निरोप कुहारिच यांच्यामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचला, आणि संघाने तो धुडकावला.

दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी वर्णभेद कायद्याने रूढ होता. तरी आयोजकांच्या बाजूने पुढे आलेले कारण वेगळेच होते: या संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते म्हणे. हे अगदीच खोटे नव्हे. नऊ सामन्यांतील दोन लष्करी तळांच्या संघांशी झाले होते, आणि वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत या संघाचा क्रमांक चौदावा होता. परंतु आम्ही उभा जन्म सरकारी कचेरीत टिपणे लिहिण्यात घालविला. खरे कारण कागदावर येऊ न देता, कोणी हरकत घेऊ शकणार नाही असे दुसरे, तेही निम्मे खरे, कारण कसे नोंदवितात हे आम्हांस कोणी शिकवावयास नको.

नकाराची किंमत लहान नव्हती. विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात होता, आणि हंगाम संपताच तो बंद करण्यात आला. बाऊलच्या पैशाने निदान आणखी एक हंगाम तरी निघाला असता, असे आम्हांस वाटते. मानाचा सामना खेळण्याची विद्यार्थीदशेतील एकच संधी त्या गोऱ्या मुलांपुढे होती. दोन सोबत्यांकडे पाठ फिरविली असती तर ती पदरात पडत होती. ती त्यांनी सोडली.

संघ मोडला, माणसे मात्र वर आली. मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर या तिघांची नावे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात लागली. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्यात एक रौप्य व एक कांस्य पदकही मिळविले. संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणारा तरुण पीट रोझेल १९६० साली सबंध व्यावसायिक लीगचा आयुक्त झाला.

टोलरच्या वाट्याला एवढे आले नाही. १९५२ सालीच गुडघा दुखावला आणि त्याचा खेळ संपला. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापक. १९६५ साली त्याच लीगने त्याला पंच नेमले. हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. जानेवारी १९८० मध्ये अजिंक्यपदाचा सुपर बाऊल सामना झाला, तेव्हा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून टोलर पंच म्हणून मैदानात उतरला. मैदान पॅसाडेनाचेच होते. लॉयोलाविरुद्धचा सामना खेळून तो तेथून बाहेर पडला होता, त्याला अठ्ठावीस वर्षे झाली होती.