पात्यावर नाव धन्याचे

जपानच्या ओकायामा प्रांतात सेतोउची नावाचे जेमतेम सदतीस हजार वस्तीचे शहर आहे. २०२० साली या शहराच्या पालिकेने एक तलवार विकत घेतली. तेराव्या शतकात घडवलेली ही 'सांचोमो' तलवार सोळाव्या शतकातला प्रसिद्ध सेनानी उएसुगी केन्शिन याच्या घराण्यात होती आणि जपानी कायद्याने ती राष्ट्रीय ठेव ठरलेली आहे. तिची किंमत ५० कोटी येन, म्हणजे त्या वेळच्या दराने तीस कोटी रुपयांहून अधिक. एवढा पैसा पालिकेच्या तिजोरीत कुठून असणार? तो देशभरातल्या लोकांनी देणग्यांतून उभा केला.

पाच वर्षांनी महाराष्ट्र शासनानेही अशीच खरेदी केली. एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे यांची तलवार निघाली. शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. विमानतळावर तिचे स्वागत झाले, मिरवणूक निघाली. हे योग्यच झाले. मात्र दोन्ही तलवारींविषयी त्या त्या देशात काय बोलले गेले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक फरक डोळ्यांत भरतो. सांचोमोवर घडवणाऱ्याची सही नाही, तरीही ती बिझेन प्रांतातल्या फुकुओका इचिमोंजी या लोहारघराण्याचे काम आहे हे जपानी अभ्यासक पात्यावरून ओळखतात. रघुजींच्या तलवारीवर सोन्याने अक्षरे कोरलेली आहेत, 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. एवढा ठसठशीत लेख, पण तो धन्याचा. घडवणाऱ्याबद्दल तो काही सांगत नाही.

सेतोउचीतच ओसाफुने हे गाव आहे. योशिई नदीकाठच्या या परिसरात शेकडो वर्षे तलवारी घडत होत्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नदीला आलेल्या पुरांत लोहारांची वस्ती वाहून गेली, पण नाव टिकले. आज तिथे तलवारींचे छोटेखानी संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात चालती भट्टी आहे. लोहार, पाते चकाकवणारा, म्यान करणारा हे सगळे कारागीर तिथे काम करताना दिसतात.

तिथली तलवार बहुतेक वेळा नागडी मांडलेली असते, म्हणजे मूठ आणि म्यान काढून नुसते पाते. हे शक्य होते ते बांबूच्या एका खुंटीमुळे. जपानी मूठ लाकडाची असते आणि ती पात्याला त्या खुंटीने अडकवलेली असते. खुंटी ठोकून काढली की मूठ हातात येते आणि पात्याचा मुठीत दडलेला शेपटा उघडा पडतो. लोहार आपले नाव, गाव आणि कधी कधी साल कोरतो ते या शेपटावरच. त्यावरचा गंज कोणी पुसत नाही, कारण गंजाच्या रंगावरून पात्याचे वय ठरते. पात्यासाठीचे पोलाद शिमाने प्रांतातल्या मातीच्या भट्टीत लोहवाळू आणि कोळसा तीन दिवस, तीन रात्री जाळून काढतात. बंद पडलेली ही भट्टी १९७७ साली मुद्दाम पुन्हा पेटवण्यात आली.

आपल्याकडची तलवार अशी उघडत नाही. तिची मूठ पोलादाची आणि आतून पोकळ. पोकळीत राळ किंवा लाख तापवून ओतायची, त्यात पात्याचा शेपटा रोवायचा, थंड झाले की दोन्ही जन्माचे एक. लढणाऱ्याच्या दृष्टीने ही बांधणी पक्की, पण शेपटावर कोणी नाव कोरले असले तरी ते वाचणार कोण? घडवणाऱ्याला आपली खूण ठेवायची तर ती पात्याच्या उघड्या अंगावर ठेवावी लागे. तिथे आधीच देवाचे नाव असे, नाही तर धन्याचे, नाही तर एखाद्या दूरच्या नामवंताचे.

त्या नामवंतांची गंमत आहे. इराण आणि हिंदुस्थानातल्या असंख्य पात्यांवर असदुल्ला इस्फहानी हे नाव सापडते. ही पाती इतक्या मोठ्या काळात पसरलेली आहेत की एका माणसाने ती घडवणे अशक्य आहे. युरोपातल्या आन्द्रेआ फेरारा या नावाचेही तसेच. ती माणसे नव्हती असे नाही, पण पात्यावर उमटताना त्यांची नावे छाप झाली होती. गिऱ्हाइकाला छाप हवी असे आणि कारागीर ती देत असे.

मराठ्यांना युरोपीय पात्यांची आवड होती. त्यांना फिरंग म्हणत. सरळ, लांब, लवचिक अशी ही पाती गोव्यातून आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या इतर बंदरांतून येत. मूठ मात्र इथली. बागलाणातल्या मुल्हेरच्या नावाने ओळखली जाणारी मुल्हेरी मूठ त्यातली नामांकित. रघुजींच्या तलवारीला तशीच मूठ आहे आणि पाते युरोपीय घडणीचे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या एका तलवारीविषयी अशी हकिकत सांगितली जाते की ती गोवलेकर सावंतांकडून ३०० होनांना घेतलेली फिरंग होती. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला गेलेली आणि आज तिथल्या राजसंग्रहात असलेली जगदंबा तलवारही युरोपीय पात्याची. तिच्यावर आयएचएस ही ख्रिस्ती मुद्रा आहे. स्वराज्याच्या शस्त्रावर येशूच्या नावाची अक्षरे असण्यात त्या काळच्या कोणाला काही खटकले असेल असे वाटत नाही. पाते चांगले होते, एवढे पुरे होते.

म्हणजे परकीय पोलादाशिवाय आपले भागत नव्हते का? उलट जगातले सर्वांत नावाजलेले पोलाद दख्खनमध्येच तयार होत होते. आजच्या तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव आहे. तिथले लोहार लोखंड मातीच्या मुशीत बंद करून तापवत आणि मूस अतिशय सावकाश थंड होऊ देत. त्यातून पोलादाची वडी निघे. मंद आचेवर ती घडवली की पात्यावर पाण्यासारखी नागमोडी नक्षी उमटे. तिला जौहर म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वेक्षण खात्यातला डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी तिथे गेला होता. त्याने भट्टीचे बारकाईने वर्णन करून ठेवले आणि एक नोंद केली. इस्फहानचा हाजी हुसेन नावाचा व्यापारी पोलाद विकत घ्यायला स्वतः या खेड्यात येऊन राहत असे. साधारण त्याच सुमारास लंडनमध्ये मायकेल फॅरडे हिंदुस्थानी पोलादाचे तुकडे वितळवून त्याचे गुपित शोधत होता. इराणी व्यापाऱ्याचे नाव कागदावर राहिले, इंग्रज डॉक्टरचेही राहिले. मूस पेटवणाऱ्या लोहारांची नावे जगाच्या लक्षात नाहीत. एकोणिसावे शतक संपेपर्यंत ती विद्याही गेली.

कोनासमुद्रम आणि बीड त्या काळी एकाच राज्यात होते, निजामाच्या. बीडहून मांजरसुंब्याला वळून पाटोद्याच्या रस्त्याला लागले की बालाघाटच्या माथ्यावर लिंबागणेश लागते. भालचंद्र गणपतीचे हे गाव. आजूबाजूच्या मुलखाने अठराव्या शतकात तलवारी पुष्कळ पाहिल्या. उत्तरेला गोदाकाठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला गाठले आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत पडला. पश्चिमेला हाच रस्ता पाटोद्यावरून जामखेडला जातो आणि जामखेडपासून जवळच खर्डा. ११ मार्च १७९५ची लढाई तिथली. हरलेल्या निजामाने आसरा घेतला तो निंबाळकरांनी १७४३मध्ये बांधलेल्या खर्ड्याच्या किल्ल्यात, आणि तिथेच त्याला तहाला उभे राहावे लागले.

खर्ड्याच्या लढाईत तलवारीने निकाल लागला नाही, हेही नोंदवायला हवे. एका बाजूला शिंद्यांची कवायती पलटणे, दुसऱ्या बाजूला रेमाँ या फ्रेंच सरदाराच्या हाताखालची निजामाची पलटणे, मध्ये तोफांचा मारा. तलवार तोवर शिपाईगिरीची शोभा होऊ लागली होती. एवढ्या फौजा या रस्त्यांवरून गेल्या, पण लिंबागणेशला काय किंवा खर्ड्याला काय, त्या काळची शस्त्रे एकत्र पाहता येतील असे ओसाफुनेसारखे छोटे संग्रहालय नाही. मराठवाड्यात जुनी शस्त्रे पाहायची तर नांदेडला जावे. हुजूर साहिबच्या गुरुद्वारात गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे रोज संध्याकाळी भाविकांना एकेक करून दाखवली जातात. शस्त्र जपण्याची ही पद्धत कुठल्याही काचपेटीपेक्षा जिवंत आहे.

तलवारीवर सरकारी घाला दोन्ही देशांत जवळजवळ एकाच वेळी पडला. १८७६मध्ये मेइजी सरकारने सामुराईंना कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी केली. १८७८मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रकायदा आला. बीड निजामाकडे असल्याने इंग्रजांच्या थेट अमलाबाहेर होते, पण तलवारीला गिऱ्हाईक उरले नव्हते ते इथेही. यानंतर दोन्हीकडच्या कारागिरांच्या वाटा फुटल्या. जपानच्या राजदरबाराने १९०६मध्ये गास्सान सादाकाझू आणि मियामोतो कानेनोरी या दोन तलवारकारांना दरबारी कलावंत म्हणून मान दिला. १९४५च्या पराभवानंतर अमेरिकी फौजेने घरोघरच्या तलवारी जप्त केल्या, तेव्हा होन्मा जुन्जी या अभ्यासकाने कर्नल कॅडवेल या अमेरिकी अधिकाऱ्याला पटवले की यातल्या पुष्कळ तलवारी हत्यारे नसून कलाकृती आहेत. १९४८मध्ये त्यांच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. आज तिथे तलवारकाराला पाच वर्षे उमेदवारी करून परवाना मिळवावा लागतो आणि महिन्याला दोनपेक्षा जास्त लांब तलवारी घडवता येत नाहीत.

आपल्याकडच्या शिकलगारांना कोणत्या दरबाराने बोलावले? तलवारीला पाणी चढवणारे आणि धार लावणारे हात विळी, कात्री आणि सुऱ्यांकडे वळले. चाक खांद्यावर घेऊन दारोदार हाळी देणे त्यांच्या नशिबी आले. पालावर भाता फुंकणारे घिसाडीही आपल्या पूर्वजांनी राजपुतान्यात शस्त्रे घडवल्याचे सांगतात. पुरावा म्हणून या आठवणी कितपत टिकतील हा भाग वेगळा, पण त्या लिहून घ्यायला फारसे कोणी गेले नाही.

पात्याची पूजा मात्र थांबली नाही. खंडेनवमीला ज्या घरात तलवार आहे तिथे ती पाटावर येते, नाही तिथे विळे, खुरपी, पाना, ट्रॅक्टर. बीड जिल्ह्यात या पूजेत कोयता असतोच. दसरा झाला की इथली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचलही कोयत्यावरच मोजली जाते. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून गावचा लोहार हा कोयता घडवतो. बालाघाटात आज सर्वांत जास्त चालणारे पाते हेच, आणि त्यावरही घडवणाऱ्याचे नाव नसते.

जेजुरीच्या गडावर दसऱ्याला तरुण एका हाताने जो खंडा तोलतात, त्याचे वजन ४२ किलो. तो पानसे सरदारांनी खंडोबाला वाहिला हे सगळ्यांना माहीत असते. तो कोणत्या लोहाराने घडवला, हे विचारायची आपल्याला सवय नाही. २०२४च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याला आली, तेव्हाही वाद रंगला तो ती महाराजांचीच का, यावर. ती महाराजांनी वापरलेली आहेत याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयाचे स्वतःचेच म्हणणे आहे. वाद व्हायलाच हवा होता. पण त्याबरोबर पोलाद कसले, घडण कुठली, जोडकाम कोणत्या पद्धतीचे, हेही कोणी तितक्याच जोराने विचारले असते तर बरे झाले असते. वस्तू कोणाची हे ठरवायचा रस्ता पुष्कळदा ती कशी घडली यावरूनच जातो. जपानी अभ्यासकांनी सांचोमोचे घराणे ओळखले ते असेच. धारेलगत उमटलेली लवंगेच्या कळ्यांसारखी नक्षी पाहून.

आपल्या संग्रहालयांतल्या पाट्यांवर 'तलवार, अठरावे शतक' याहून चार शब्द जास्त हवेत. पाते इथले की परदेशी, पोलाद मुशीतले की साधे, मूठ मुल्हेरी की आणखी कुठली, पाते आणि मूठ एकाच काळातली की नंतर जोडलेली, एवढे लिहिले तरी पाहणाऱ्याची नजर बदलेल.

आणि ज्यांच्या देव्हाऱ्यात किंवा माळ्यावर जुनी तलवार आहे, त्यांनी ती पॉलिश पेपरने, चिंचेने वा लिंबाने घासू नये. जौहर एकदा घासून गेला की त्या पोलादाची ओळख पुसली जाते. कोरड्या फडक्याने पुसून हलका तेलाचा हात द्यावा आणि मूठ तापवून पाते मोकळे करायचा खटाटोप करू नये. पात्यावर अक्षरे असतील तर त्यांचे नीट फोटो काढून राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला दाखवावेत. शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ती परदेशी धाडता येत नाही. शस्त्रपरवान्याचे काय, हेही पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. तलवार कोणत्या पूर्वजाची हे घरातले वडीलधारे उत्साहाने सांगतील. तिला धार लावायला कोण यायचे आणि कुठून यायचे, हेही त्यांनाच विचारून लिहून ठेवावे.